पीळ

मायेल्लाच्या उतारावरचं गाव. ऑक्टोबर.
हार्प्सिकॉर्ड गाडीतून उतरवताना ताद्देओ म्हणाला,
इथली हवा मला पसंत नाही.
त्याला कुठलीच हवा पसंत नसते.
तासभर आधी जाऊन बसतो चर्चमध्ये,
हातात किल्ली, कान लाकडाला,
आजाऱ्याच्या छातीला लावावा तसा.

आम्ही सात जण. बिदागी सहा जणांची.
षड्ज आजच्यापेक्षा अर्ध्या पायरीनं खाली,
हनुवटीला टेकू नाही, खांद्यावर गादी नाही,
गज बाहेरून वाकलेला, खऱ्याखुऱ्या धनुष्यासारखा.
आणि तार म्हणतो आपण, पण ती तात.
मेंढीचं आतडं,
धुऊन, खरवडून, पिळून, ताणून वाळवलेलं.
दमट झालं की फुगतं, कोरडं पडलं की आखडतं,
मेंढी मेली हे त्याला अजून कळलेलं नाही.
आम्ही काही एकमेकांच्या आतड्याची माणसं नव्हे,
एका कळपाच्या आतड्यावर पोट भरतो, इतकंच.

मी व्हायोला.
कॉन्चेर्तोत व्हायोलाला विचारतं कोण?
ओर्सोला वर उडी घेते तेव्हा
मी खाली चादर ताणून उभी.
एकच स्वर आठ वेळा,
मग दुसरा, आठ वेळा.
एकोणीस वर्षं झाली.
तक्रार नाही, हेही लिहून ठेवा.

पहिल्या रांगेत सबिनो. नव्वदी पार,
अंगात कोट, टोपी गुडघ्यावर.
पाद्र्यानं आधीच कानात सांगितलेलं:
ह्यांच्या घरी तीन पिढ्या तारा वळत.
ओढ्याकाठचं घर, आणि वास असा
की मुली त्या घरात पडायला नको म्हणत.
एक म्हणाली नाही. ती मार्चमध्ये गेली.
तारा वळल्या हजारो, माल गेला नापोलीला,
कॉन्चेर्तो मात्र एकही ऐकलेला नाही.

पहिला भाग धावत पार पडला.
(कोर्रादो एक मात्रा आधी शिरला.
कळलं फक्त आम्हाला.)
मग लार्गो.
लार्गोत ओर्सोला काहीच करत नाही.
एक स्वर धरते, त्याला फुगू देते
ओल्या फडक्याखाली कणीक फुगते तसा,
मग बसू देते.
खाली लांब मानेच्या थिऑर्बोचे चार थेंब,
आणि माझे आठ.
सातव्या ओळीत, सगळं चर्च श्वास धरून असताना,
आतडं तुटलं.

वाळकी काडी मोडावी एवढाच आवाज.
तार तिच्या मनगटाला चाटून लोंबत राहिली.
अशा वेळी शेजाऱ्यानं आपलं व्हायोलिन पुढे करायचं, रिवाज आहे.
कोर्रादो हलला नाही.
सबिनो उठून आले होते.

लोंबतं टोक त्यांनी चिमटीत धरलं,
उलटसुलट फिरवलं, हुंगलं,
आणि बहिरी माणसं बोलतात तशा खणखणीत आवाजात म्हणाले,
पीळ कमी पडला. वाळवायची घाई केली.
थोडं थांबून: आमची नव्हे.
आणि जागेवर जाऊन बसले.

हे सगळं चाललं तेव्हा, नंतर लक्षात आलं,
मी वाजवत होते.
थांब असं कुणी म्हटलं नव्हतं.
ताद्देओ गप्प, थिऑर्बो गप्प,
आणि त्या म्हाताऱ्याच्या बोलण्याखाली
माझा एक स्वर, आठ वेळा,
मग पुन्हा आठ.

नवी तार चढली. नवी तार ऐकत नसते,
प्रत्येक ओळीत थोडी उतरायची,
ओर्सोला बोट थोडं वर सरकवायची,
असा तो लार्गो आम्ही घरी आणला.

टाळ्या संपल्यावर सबिनो तिच्याकडे गेलेच नाहीत.
माझ्याकडे आले.
विचारलं नाही, सवरलं नाही,
सगळ्यात जाड तारेवर अंगठा टेकवला.
ही बरी आहे, म्हणाले.
जाड तार माझी बायको वळायची.
बारीक कुणालाही जमते.

परतीच्या घाटात सगळे झोपले.
एका पेटीत कुणाची तरी तार
आपली आपणच उतरली, टुण्णकन.
मी बोट नाकाशी नेलं.
राळेचा वास. त्याखाली,
फार खाली,
कळपाचा.